पतालसूच्या धारेवर झालेली वाटणी : एका दिवसाच्या चढाईचे प्रकरण

अचलपूर तालुक्यातील आमच्या गावाकडून गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात पाच जण मनालीजवळच्या पतालसू शिखरावर चढायला गेले. दोघे माथ्यावर पोचले, तिघे सुमारे अडीचशे मीटर खालून परतले, आणि परतणाऱ्या या तिघांत वाट माहीत असलेला एकही माणूस नव्हता. एक आजारी पडला होता, ही घटनेची एक बाजू झाली. तो आजार वेळेवर ओळखला गेला आणि त्यावरचा उपायही योग्य झाला. हे प्रकरण लिहून ठेवण्याचे कारण दुसरे आहे. आजारी माणूस खाली आणि वाटाड्या वर, अशी वाटणी मी केली, ती कशी झाली आणि का झाली, हे पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना नीट कळावे म्हणून हा मजकूर आहे. गटाचा प्रमुख मी होतो, त्यामुळे चुकीचा हिशेबही माझ्याच खात्यावर आहे.

गट आणि उद्देश

२०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या शासकीय उपक्रमातून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तेव्हापासून आमच्या भागातही ‘आपल्याला जमेल काय’ हा प्रश्न मुले मोकळेपणाने विचारू लागली. त्या मुलांनी आधी बराच काळ टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण घेतले होते. पण ही माहिती बातमीच्या शेवटी असते आणि बातमीचा शेवट फार थोडे लोक वाचतात.

आमच्या गटात चार तरुण होते. पहिला पोलीस भरतीची तयारी करणारा, वय २४, सोळाशे मीटर धावण्यात तालुक्यात नाव असलेला. दुसरा संत्र्याच्या बागेत घरच्यांसोबत राबणारा, वय २२. तिसरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, वय २१. चौथा धारणी तालुक्यातून शिक्षणासाठी परतवाड्याला आलेला कोरकू तरुण, वय २०. पाचवा मी, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारा, वय ४७. तेवीस वर्षांपूर्वी मी मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम केला होता आणि त्यानंतर हिमालयात फक्त दोनदा गेलो होतो. गटातील अनुभव म्हणायचा तो इतकाच, आणि त्यावरही बरीच धूळ बसलेली होती.

चौघांनाही पुढे तो सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा आहे. रजा, पैसा आणि घरच्यांची परवानगी एवढे सगळे पणाला लावण्यापूर्वी विरळ हवा, बर्फ आणि मोठा चढ आपल्या शरीराला मानवतो का, हे एका दिवसात पाहता यावे, असा डोंगर आम्हाला हवा होता. पतालसूची निवड त्यासाठीच होती. सोलंगच्या रस्त्यावरून, म्हणजे साधारण २,५०० मीटरवरून चढायला सुरुवात होते आणि माथा ४,२०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे एका दिवसात सुमारे १,७०० मीटर चढायचे आणि तितकेच उतरायचे. दोर लावण्याची गरज नाही, हिमनदी ओलांडायची नाही, संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर येता येते. तरीही जूनच्या सुरुवातीला वरच्या उतारांवर हिवाळ्यातले बर्फ शिल्लक असते, दुपारनंतर हवा फिरते आणि ४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो. शिकायला लागणारे बहुतेक सगळे तिथे आहे आणि जिवावर बेतणारे तुलनेने कमी आहे.

‘कमी आहे’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे मी मुलांना अनेकदा सांगितले होते.

घाटातली तयारी

आमच्याकडे डोंगर नाहीत असे नाही. सातपुड्याची गाविलगडची रांग गच्चीवरून दिसते. तिचा सर्वांत उंच माथा वैराट, १,१७७ मीटरच्या आसपास. पण तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्यामुळे मनात आले की सॅक पाठीला लावून तिकडे निघता येत नाही. म्हणून आम्ही धामणगाव गढीहून चिखलदऱ्याकडे चढणारा घाटरस्ता धरला. पायथ्याचे मैदान पावणेचारशे मीटरच्या जवळपास आणि चिखलदरा साधारण १,१०० मीटर, म्हणजे सातशे मीटरचा सलग चढ घराजवळ मिळतो. फेब्रुवारीपासून दर रविवारी पहाटे चारला निघायचे, पाठीवर दहा-बारा किलो, आणि ऊन तापण्याआधी चढ संपवायचा. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात गेला, तेव्हा पहाटे तीनला निघू लागलो. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर पोचल्यावर तटबंदीच्या कडेने चालणे, दगडांच्या घसाऱ्यावरून तोल सांभाळत उतरणे आणि दोराच्या गाठी बांधणे एवढे आणखी व्हायचे. बागेतल्या मुलाला वजनाची अडचण कधीच आली नाही. मृग बहाराच्या तोडणीत संत्र्याचे भरलेले कॅरेट खांद्यावर टाकून बांधावरून दिवसभर चालणाऱ्याला सॅकचे दहा किलो ते काय.

या तयारीत एक दोष शिरला, तो मला तेव्हा दिसला नाही. दर रविवारी कोण किती वाजता वर पोचले, हे आम्ही वहीत लिहीत होतो. भरतीवाला मुलगा दरवेळी पहिला, बागवाला त्याच्या मागे, नंतर मी आणि नर्सिंगची विद्यार्थिनी. कोरकू तरुण कधी मध्ये तर कधी शेवटी असायचा, कारण तो वळून वळून मागे पाहत चालायचा. चालून आलेली वाट परतताना वेगळी दिसते, म्हणून ती येतानाच उलट बाजूने पाहून ठेवायची, ही त्याची घरची सवय. वहीत या सवयीसाठी रकाना नव्हता. चार महिन्यांत त्या वहीने आमच्या मनात एक क्रम पक्का केला आणि तोच क्रम आम्ही हिमालयात नेला.

सातशे मीटरचा घाट फुफ्फुसांना काही शिकवत नाही. अचलपूरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनीच कमी असतो. घाटात तयार होतात ते पाय, पाठ आणि चिकाटी. विरळ हवेत कोणाला त्रास होईल, हे पायांच्या ताकदीवर ठरत नाही. वैद्यकीय पुस्तकांतही हेच म्हटले आहे की शारीरिक तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून संरक्षण देत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर वर जातो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. हे मला माहीत होते आणि मी ते एका रविवारी फळ्यावर लिहूनही दाखवले होते. पण वहीतला पहिला नंबर फळ्यापेक्षा भारी ठरला.

चढाईपूर्वीचे तीन दिवस

मूळ आराखडा असा होता की पहिल्या दिवशी मनालीत (२,०५० मीटर) मुक्काम, दुसऱ्या दिवशी विश्रांती, तिसऱ्या दिवशी सकाळी सोलंगला जाऊन ३,२०० मीटरपर्यंत सावकाश चढून खाली उतरायचे आणि तिथेच झोपायचे, आणि चौथ्या दिवशी माथा. तिसऱ्या दिवशीचा तो चढ शरीराला उंचीची ओळख करून देण्यासाठी होता. प्रत्यक्षात दिल्लीहून निघालेली बस वाटेत रस्ता बंद असल्यामुळे जवळजवळ एक दिवस उशिरा पोचली. परतीचे रेल्वे आरक्षण हलवता येत नव्हते. म्हणून कुठला तरी एक दिवस कापायचा होता, आणि आम्ही ओळखीचा चढ कापला. बैठकीत कोणीही हरकत घेतली नाही, कारण ‘नुसते वर जाऊन खाली यायचे’ हे काम सगळ्यांना बिनमहत्त्वाचे वाटले.

मनालीत भरतीवाला मुलगा सकाळी उठून रस्त्यावर धावून आला. भरतीची तयारी आहे, खंड नको, असे त्याचे म्हणणे. मी त्याला थांबवले नाही.

वाटाड्या एकच घेतला. खालच्या गावातला चाळिशीचा माणूस, दरवर्षी गद्दी मेंढपाळांबरोबर वरच्या कुरणांवर जाणारा. दुसरा वाटाड्या घ्यावा का, असा विषय निघाला होता. दोन हजार रुपये वाचवावेत असे ठरले. या दोन हजारांकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

सोलंगच्या मुक्कामी संध्याकाळी नर्सिंगच्या विद्यार्थिनीने ऑक्सिमीटरने सगळ्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी नोंदवली. हे यंत्र गावातल्या आशाताईंकडे कोविडपासून पडून होते आणि त्यांनी ते आम्हाला हौसेने दिले होते. पाचही जण ९२ ते ९५ च्या दरम्यान होते. रात्री आम्ही वेळेचा हिशेब केला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा असा की सपाटीच्या पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. सात किलोमीटर आणि १,७०० मीटर धरले तर सव्वाचार तास होतात. विरळ हवेसाठी निम्मे आणखी मिळवले तर सहा तास वीस मिनिटे. बर्फावरच्या सरावाची चाळीस मिनिटे आणि विसावे वेगळे. पहाटे साडेतीनला निघायचे आणि माथा आला असो वा नसो, दुपारी साडेबारा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे, असे ठरले. पाचही जणांनी मान डोलावली. वाटाड्या तेव्हा जेवायला गेला होता.

चढाई

निघायला ४ वाजून २० मिनिटे झाली. पन्नास मिनिटे कुठे गेली, ते सांगण्यासारखे नाही. बुटांच्या नाड्या, चहा, विसरलेली टोपी. देवदारांच्या अंधारातून हेडटॉर्चच्या उजेडात वर चढताना भरतीवाला मुलगा वाटाड्याच्या टाचेला टाच लावून चालत होता आणि दर वीस मिनिटांनी थांबून आमची वाट पाहत होता. वाटाड्याने त्याला दोनदा ‘धीरे भाई’ म्हटले. उजाडले तेव्हा झाडे खुरटी झाली होती, पांढऱ्या सालीची भोजपत्राची झाडे मागे पडली आणि मोकळे गवताळ कुरण लागले. तिथून बियासच्या खोऱ्यापलीकडे बर्फाची शिखरे उभी राहिली, हनुमान टिब्बा त्यांत सर्वांत ठळक. कुरणावर कोरकू तरुणाने थांबून मागे पाहिले आणि वाकून दगडावर दगड ठेवला. मला वाटले, त्याचा बूट चावत असेल.

सुमारे ३,७०० मीटरवर बर्फाचा पहिला रुंद पट्टा लागला. तिथे आम्ही चाळीस मिनिटे सराव केला, आणि दिवसातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता असे माझे मत आहे. उतार मध्यम, खाली सपाट होत जाणारा, म्हणजे घसरले तरी कुठे आदळायचे नाही. सकाळच्या थंडीत बर्फ टणक होते. बुटाची नुसती टोच लावली तर पाय निसटत होता. गुडघ्यातून पाय सोडून दोनदा लाथ मारली की बोटांपुरती खोबण तयार होत होती, आणि पुढच्याने केलेल्या खोबणीतच मागच्याने पाय ठेवायचा. नंतर घसरताना आइस अ‍ॅक्सने, म्हणजे बर्फात रुतवायच्या टोकदार कुऱ्हाडीने, स्वतःला थांबवण्याचा सराव झाला. एक हात अ‍ॅक्सच्या डोक्यावर, दुसरा दांड्याच्या टोकाकडे, दांडा छातीवर तिरपा, अ‍ॅक्सचे डोके खांद्याजवळ. घसरायला लागले की पोटावर वळायचे, अ‍ॅक्सची टोच बर्फात रुतवायची आणि छातीचे सगळे वजन तिच्यावर टाकायचे. सांगायला सोपे आहे. पहिल्या खेपेला बागवाल्या मुलाने घाबरून हात लांब केले, तेव्हा अ‍ॅक्स डोक्याच्या वर निघून गेली आणि तो खालच्या सपाटीपर्यंत पाठीवर घसरत गेला. चौथ्या खेपेला तो दीड हातात थांबला. नर्सिंगची विद्यार्थिनी दुसऱ्याच खेपेला थांबली.

भरतीवाला मुलगा सरावात एकदाच घसरला आणि मग बाजूला बसून राहिला. ‘मले येते हे,’ म्हणाला. जो घाटात एका जागी दोन मिनिटे बसत नसे, तो आपणहून बसला, हे मी पाहिले. त्याचा अर्थ लावला नाही.

धारेवर

११ वाजून ४० मिनिटांनी आम्ही मुख्य धारेवर होतो. माझ्या जीपीएसवर उंची ३,९५० मीटर होती. भरतीवाला मुलगा आता सर्वांच्या मागे होता. तो खाली बसला आणि त्याला उलटी झाली. ‘सर, मले काही नाही झालं. तुम्ही लोकं पुढे व्हा, मी बसतो इथंच.’

पुढची दहा मिनिटे नर्सिंगच्या विद्यार्थिनीची होती. तिने ऑक्सिमीटर लावला, ७४ आले. बोटे गार असली तर यंत्र खोटे सांगते, हे लक्षात घेऊन तिने त्याचा हात स्वतःच्या जॅकेटमध्ये धरून गरम केला आणि पुन्हा लावला, तेव्हा ७८ आले. बाकीच्यांचे ८२ ते ८६ होते. या उंचीवर ऐंशीच्या घरातला आकडा नवलाचा नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर तिने निष्कर्ष काढला नाही. बसल्या जागी धाप लागते का, खोकला आहे का, छातीत घरघर आहे का, हे तिने पाहिले, काही नव्हते. मग अ‍ॅक्सच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली आणि त्याला त्या रेघेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगितले. तो सरळ चालला. म्हणजे मेंदूला सूज येण्याची लक्षणे निदान त्या घडीला नव्हती. मग तिने विचारले, ‘दादा, गोळी कवा घेतली, खरं खरं सांग.’ तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘सकाळी. निंगाच्या आधी.’ रात्रीपासून डोके दुखत होते आणि वर जाऊ देणार नाहीत या भीतीने त्याने पहाटे तीनला पॅरासिटामॉल घेतली होती. गोळीने दुखणे झाकले, आजार तसाच राहिला. डोकेदुखी, उलटी, कमालीचा थकवा. उंचीच्या आजाराचे चित्र पूर्ण झाले होते आणि त्यावरचा खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. यात दुमत नव्हते.

दुमत झाले ते बाकीच्यांनी काय करायचे यावर. माथा अडीचशे मीटर वर होता. वाटाड्या म्हणाला, पन्नास मिनिटे. बागवाल्या मुलाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या वडिलांनी बाग विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन त्याचा खर्च दिला होता, हे मला माहीत होते. भरतीवाला मुलगाच म्हणत होता, ‘माह्याच्यानं कोणी थांबू नका.’ मी दोन मिनिटांत वाटणी केली : बागवाला मुलगा, कोरकू तरुण आणि वाटाड्या वर; आजारी मुलगा, नर्सिंगची विद्यार्थिनी आणि मी खाली. मी अनुभवी, ती रुग्णाची काळजी घेणारी. खालची तुकडी मला भक्कम वाटली. वर बर्फ आहे, म्हणून वाटाड्या वर हवा. वाटाड्याने जाताना बजावले, ‘मौसम बन रहा है सर, धार मत छोड़ना.’

तेव्हा ११ वाजून ५५ मिनिटे झाली होती. त्यात पन्नास मिळवले की पाऊण वाजतो, आणि परत फिरण्याची ठरलेली वेळ साडेबाराची होती. आजार नसता तरीही त्या क्षणी माथा आमच्या हिशेबाबाहेर गेलेला होता. गणित शिकवणाऱ्या माणसाने ही बेरीज त्या वेळी केली नाही.

उतरताना

१२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास ढग धारेवर बसला. वीस पावलांपलीकडचे दिसेना. ‘धार सोडू नका’ ही सूचना स्वच्छ हवेत पुरेशी असते. ढगात धारेला फाटा फुटतो तिथे तिचा उपयोग संपतो, कारण दोन्ही बाजू धारच वाटतात. सकाळी आम्ही तिथून वर आलो होतो, पण मी एकदाही वळून मागे पाहिले नव्हते. जीपीएसवर चाललेली वाट नोंदवायची सोय होती. पहाटेच्या गडबडीत मी ती सुरूच केली नव्हती.

आम्ही डावीकडे वळलो. पाऊणशे पावलांनंतर धार अरुंद होऊन एका घळीत उतरली. घळीत जुने बर्फ भरलेले, वरून मळकट, मध्ये किंचित खचलेले. मी त्यावर पाऊल ठेवणार, तोच विद्यार्थिनीने माझी सॅक मागून धरली. ‘सर, खाली पाणी वाजून राह्यलं.’ कान लावला तर खरेच बर्फाखालून ओढा वाहत होता. जूनमध्ये असे बर्फ खालून वितळून पोकळ होते आणि वर नुसते छत उरते. ते किती जाड आहे, हे वरून कळत नाही. तिघांपैकी कोणी त्यातून खाली गेला असता तर त्याला बाहेर काढायला दोर नव्हता, कारण दोर वरच्या तुकडीकडे होता.

मग साठ मीटर पुन्हा चढावे लागले, आजारी मुलाला घेऊन. त्याने तक्रार केली नाही. दहा पावले, मग अ‍ॅक्सवर कपाळ टेकून उभे राहणे, पुन्हा दहा पावले. पंचवीस मिनिटे गेली. फाट्यावर परत आल्यावर विद्यार्थिनीला उजवीकडे तीन दगडांची लगोर दिसली. लगोरी हिमालयात ठिकठिकाणी असतात, कोणाच्याही असतात. या लगोरीत मधल्या दगडाखाली संत्रागोळीचा कागद खोचलेला होता, आणि संत्रागोळ्यांची पुडी त्या डोंगरावर एकाच माणसाच्या खिशात होती. तिथून खाली, कुरणापर्यंत, अशा आणखी चार लगोरी सापडल्या. कागद आम्ही गोळा करत उतरलो.

बाकीचे थोडक्यात. वरची तुकडी १२ वाजून ५५ मिनिटांनी माथ्यावर पोचली. ढगामुळे त्यांना काहीच दिसले नाही. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी कुरणावर दोन्ही तुकड्या भेटल्या. साधारण ३,००० मीटरच्या खाली आल्यावर आजारी मुलाचे डोके उतरू लागले, आणि ५ वाजून ४० मिनिटांनी आम्ही रस्त्यावर होतो. रात्री तो दोन वेळा वरण-भात मागून जेवला. ऑक्सिमीटरवर ९१.

काय चुकले आणि काय नाही

सर्वांना एकत्र खाली आणणे हाच त्या धारेवरचा योग्य निर्णय होता. गट फोडू नये, हा नियम मी पाळला नाही, हे तर खरेच; पण नियम मोडला एवढे म्हणून भागत नाही, कारण काही वेळा गट फोडावाही लागतो. चूक अधिक नेमकी होती. वाट माहीत असलेला माणूस, दोर आणि सर्वांत ताजेतवाने पाय हे तिन्ही मी वर पाठवले. गरज खाली होती. खालच्या तुकडीला भक्कम ठरवताना मी वय आणि जुने प्रमाणपत्र मोजले. वाट कोण लक्षात ठेवतो, हे मोजले नाही. दुसरा वाटाड्या असता तर वाटणी धोक्याची झाली नसती, म्हणजे दोन हजारांची बचत आम्हाला त्या घळीपर्यंत घेऊन गेली. तरी दुसरा वाटाड्या असता तरीही साडेबाराची वेळ टळलेलीच होती, आणि ती वेळ वाटाड्याला आम्ही सांगितलीच नव्हती, हे विसरून चालणार नाही.

आजाराच्या बाबतीत मुळातली चूक कापलेल्या तिसऱ्या दिवसाची. मार्गदर्शक सूचना मुख्यतः झोपण्याच्या उंचीबद्दल आहेत : ३,००० मीटरच्या वर रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. आम्ही झोपलो २,५०० वर, म्हणून कागदावर आम्ही निर्दोष. पण मैदानातून आलेल्या माणसाने झोपण्याच्या जागेपासून एका दमात दीड हजार मीटर वर चढणे, तेही आदल्या दिवशी धावून आणि पहाटे गोळी घेऊन, हे कागदावर मावत नाही. गोळी लपवण्याचा दोष मी त्याच्यावर टाकत नाही. चार महिने आम्हीच त्याला पहिला ठेवले होते. पहिल्याने डोके दुखते म्हणून सांगायचे कसे?

जुलैमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी आम्ही पाचही जण वर्गात बसलो. मी फळ्यावर धार काढली, फाटा काढला, घळ काढली. भरतीवाला मुलगा सुरुवातीला रागावलेला होता. आपल्या उलटीवर चर्चा होणार असे त्याला वाटले होते. चर्चा वाटणीवर सुरू झाली तसा तो पुढच्या बाकावर आला. कोरकू तरुण शेवटपर्यंत बोलला नाही. मी त्याला विचारले की धारेवर तुला काय वाटले होते. तो म्हणाला, ‘सर, मी खाली यायले तयार होतो. तुम्ही मले विचारलंच नाही.’

पुढची चढाई येत्या जूनमध्ये त्याच डोंगरावर ठरली आहे. वाटाडे दोन, त्यांच्यासमोर वेळ ठरवायची. ओळखीच्या चढाचा दिवस कापायचा नाही, गरज पडली तर माथ्याचा दिवस कापायचा. घाटातल्या वहीत पोचण्याची वेळ लिहिणे बंद केले आहे. त्याऐवजी उतरताना प्रत्येक फाट्यावर एकाने पुढे होऊन वाट सांगायची आणि ती बरोबर आली का, तेवढेच लिहायचे. पहिल्या रविवारी भरतीवाल्या मुलाची तीन फाट्यांवर दोनदा चूक झाली, माझी एकदा. औषधांची पेटी आता विद्यार्थिनीकडे असते आणि तिने गोळ्यांच्या पाकिटावर स्केचपेनने प्रत्येक गोळीला नंबर घातला आहे.